पावट्यावर आलेला आळ

इचलकरंजीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे आठ माग आहेत. मी शाळेत होते तेव्हा चार होते. रात्रंदिवस खटाखट चालू. नवा पाहुणा आला की सकाळी चहा पिताना डोळे चोळत म्हणतो, "तुम्ही झोपता कसं हो इथं?" आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते लाईट गेल्यावर. एकामागून एक माग गप्प होतात आणि झोपलेलं घर खडबडून जागं होतं.

सातव्यात ओटी भरून मी पुण्याहून या घरात आले आणि दिवाळीनंतर लगेच चिऊ झाली. पहिले दहा-बारा दिवस ती नुसती झोपायची. बघायला येणाऱ्या बायका "लै गुणाचं बाळ हाय गं" म्हणायच्या, आणि त्यांची पाठ वळली की आजी गालावरची तीट अजून मोठी करायची. बाराव्या दिवशी बारसं झालं. गोप्याच्या नावाखाली माझ्या पाठीत सगळ्यांनी यथेच्छ धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, आणि त्याच संध्याकाळी साडेसहाला चिऊनं जो टाहो फोडला तो साडेआठपर्यंत. आजीच्या मते नजर लागली होती. माझ्या मते कार्यक्रमाचा गोंगाट फार झाला होता. आई म्हणाली, भूक. नवरा शनिवार-रविवारपुरता आलेला. तो मोबाईलवर काहीतरी शोधत म्हणाला, "गॅस असेल." दुसऱ्या दिवशी साडेसहाला परत तेच, आणि त्या दिवशी ना गोंगाट होता ना पाहुणे.

मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. आकडा जुळला नाही तर झोप लागत नाही, हा आमच्या धंद्यातला रोग. बाबांच्या जुन्या बीमच्या वहीतली मागची कोरी पानं घेतली आणि रकाने आखले: वेळ, दूध, शू, शी, रडणं (मिनिटं), कारण. पहिले पाच रकाने छान भरत गेले. सहावा काही भरेना. दूध पाजलेलं, दुपटं कोरडं, अंग गार नाही, गरम नाही, ढेकर निघालेला, तरी रडणं पंचावन्न मिनिटं. कारण? आमच्याकडे ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. मीही सहाव्या रकान्यात 'स. खा.' लिहायला लागले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पानभर 'स. खा.' झालं होतं.

तुम्हाला वाटेल बाळाचं रडणं ओळखता येत नाही म्हणजे काय! मलाही कुठेतरी वाचलेलं आठवत होतं की भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, दुखण्याचं वेगळं, आणि आईला ते आपोआप कळतं. मला कळत नव्हतं. भूक कळायची, पण ती रडण्यावरून नव्हे, रडण्याच्या आधी. ती मान एका बाजूला वळवायची, तोंड उघडून हुडकायची, मूठ चोखायची. त्या वेळी घेतलं तर रडण्याची पाळीच यायची नाही. झोपेचंही तसंच. भुवया लालसर व्हायच्या, नजर आपल्यावरून निसटून भिंतीकडे जायची. पण संध्याकाळचं ते रडणं कशाचीच आगाऊ खूण द्यायचं नाही. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, चेहरा लालबुंद, आणि पहिल्या महिन्यात डोळ्यांत टिपूस नाही. नवजात बाळांना सुरुवातीचे काही आठवडे रडताना अश्रू येतच नाहीत. ते कोरडं रडणं बघून मला उगाच वाटायचं, ही रागावलीय माझ्यावर.

घरात तपास सुरू झाला. तपास म्हणजे आरोपी शोधणं, आणि दूध माझं, त्यामुळे पहिली संशयित मीच. वांगं बंद. बटाटा बंद, वातूळ म्हणून. हरभऱ्याची डाळ, पावटा, वाल, कोबी बंद. तांबडा रस्सा तर मी येण्याआधीच बंद झाला होता. सासूबाईंनी फोनवरून फ्लॉवर काढून टाकला. उरलं काय, तर दुधी, दोडका, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि बाजरीची भाकरी. महिनाभर मी दुधी खाल्ला आणि चिऊ रोज आदल्या दिवशीपेक्षा थोडी जास्त रडत गेली. वहीत आहे.

मग औषधं. आजीची सहाण म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू. तिच्यावर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम यांचे दोन-दोन वेढे उगाळून गुटी होते. माझ्या बाबांना तिनं याच सहाणेवरची गुटी पाजली, मलाही पाजली. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. नव्वदीच्या घरातल्या बाईला हे कसं सांगणार? मी सांगितलंच नाही. आजी सकाळी तन्मयतेनं गुटी उगाळायची, वाटी माझ्या हातात द्यायची, मी पाठमोरी होऊन ती स्वतः चाटून टाकायची. दोन महिने माझं पोट उत्तम होतं. (आजी हे वाचणार नाही. आई वाचेल. आई, सांगू नकोस.)

ग्राइप वॉटरची बाटली शेजारच्या काकूंनी आणून ठेवली. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्यानं १८५१ साली ते केलं, आणि त्याच्या मूळ कृतीत शेपाच्या तेलाबरोबर, सोड्याबरोबर दारूही होती. ती दारू पुढे निघाली. मूळ कृतीत बाळं शांत का होत असतील याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

आणि दृष्ट. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या, तिन्हीसांजेला उंबऱ्यात. मला यात काही वावगं वाटत नाही. फक्त मिरचीचा धूर बाळाच्या खोलीत नको, एवढंच माझं म्हणणं. आणि दृष्ट काढली की पंधरा-वीस मिनिटांत चिऊ खरंच शांत व्हायची! पण वही बघितली तेव्हा लक्षात आलं की आजी दृष्ट काढायला उठायची ती रडणं अगदी माथ्याला पोचल्यावर. तासभर रडून दमलेलं बाळ पुढच्या वीस मिनिटांत शांत होणारच होतं. त्या वेळी आजीनं मिरच्या ओवाळल्या काय किंवा मी नोकरीचा राजीनामा लिहिला काय, यश त्याचंच ठरलं असतं. ग्राइप वॉटरचं, पोटाला हिंग लावण्याचं, माझ्या दुधीचंसुद्धा यश असंच मोजलं जातं.

सहाव्या आठवड्यात एका दिवसाची बेरीज तीन तास दहा मिनिटं आली.

त्याच आठवड्यात लशी होत्या. मी वही घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी चिऊला वजनकाट्यावर ठेवलं. जन्माचं दोन किलो आठशे, आता चार किलो शंभर. दिवसातून किती वेळा शू, उलटी हिरवी होते का, शीत रक्त दिसतं का, ताप, सगळं विचारलं, पोट दाबून पाहिलं, कान पाहिले. मग माझी वही पाहिली आणि हसल्या. केसपेपरच्या मागे त्यांनी एक रेघ काढली. दुसऱ्या आठवड्यापासून चढ, सहाव्याच्या आसपास माथा, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतार. "तुमच्या वहीतले आकडे यावर टाकून बघा." मी तिथेच टाकून बघितले. बसले.

त्यांनी सांगितलं की अमेरिकेतल्या ब्रॅझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याचा असा हिशेब छापला. सहाव्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेतीन तास, बहुतेक संध्याकाळी. धडधाकट बाळं, दूध पिणारी, वजन वाढणारी. आणि हा हिशेब ठेवला कुणी? त्या बाळांच्या आयांनी. घरी, रोजच्या रोज, डायरीत. मला त्या ऐंशी बायकांबद्दल एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्यांच्याही घरी कुणीतरी म्हणालंच असेल, तू काय खाल्लंस?

घरी येऊन मी रात्री चिऊला पाजताना वाचत बसले. कलाहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांत बाळ सतत अंगावर असायचं आणि तासाला तीन-चार वेळा छातीला लागायचं. तिथल्या बाळांचा अभ्यास १९९१ मध्ये आला. त्यांच्यातही सुरुवातीच्या महिन्यांत चढ-उतार होतेच. रडण्याच्या खेपाही तितक्याच, फक्त प्रत्येक खेप छोटी, कारण लगेच कुणीतरी घ्यायचं. म्हणजे ना दुधी, ना पावटा, ना नजर. हे वयाचं रडणं. आणि उचलून घेतल्यानं ते पूर्ण थांबत नसलं तरी आखूड होतं. "सारखं घेऊ नको, हाताची सवय लागंल" हे सांगणाऱ्या सगळ्यांना मी त्या रात्री मनातल्या मनात एक-एक उत्तर दिलं. आईच्या दुधातून गॅस बाळाकडे जात नाही हेही तेव्हाच कळलं. तो आपल्या आतड्यात होतो, दुधात उतरत नाही. काही बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन आईच्या दुधावाटे बाधतं खरं, पण मग शीत रक्त, अंगावर चट्टे अशा खुणा असतात, आणि तो निकाल डॉक्टरनं द्यायचा, शेजारच्या काकूंनी नाही.

एक गमतीचं वाचलं. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये ६० तान्ह्या बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं, तर फ्रेंच बाळांचा सूर चढत जाणारा आणि जर्मन बाळांचा वरून खाली येणारा, आपापल्या आयांच्या बोलण्यासारखा. पोटात ऐकलेलं बाहेर येतं. चिऊचा सूर कुठला हे मी कान देऊन ऐकलं. खटक्यावर खटका. माझ्या मते ती मागासारखी रडते.

आशाताईंबद्दल लिहायला हवं. त्या ठरल्या दिवशी यायच्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. चौदाव्या दिवशी आल्या तेव्हा चिऊ बेंबीच्या देठापासून रडत होती आणि मी रडवेली. त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं, "आवाज खणखणीत हाय की. मग तुमी का रडालाय?" मग हात धुऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हे असलं रडणं असूंदे. पर आवाज बारीक झाला, रडायची ती गप पडली, दूध वढंना झाली, तर रात्रीचे दोन वाजूंदे, मला फोन करायचा."

तेव्हा मला ते धीर देण्याचं बोलणं वाटलं. पण या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत बायकांना घरोघर जाऊन नवजात बाळं तपासायला शिकवलं. तिथले बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे देशभर आशांच्या या फेऱ्या सुरू झाल्या. त्या गावातल्या बाईला जंतुदोष ओळखायला ज्या खुणा दिल्या होत्या त्यात एक अशी: आधी नीट रडणारं बाळ बारीक रडायला लागलं किंवा रडायचं थांबलं. आमच्या घरात रडणं थांबवायची मोहीम चालू होती आणि आशाताई दारात उभ्या राहून रडण्याची खणखण ऐकून खूश होत होत्या.

तरीही. कागदावरची रेघ कळली म्हणून रात्री अडीच वाजता कळतेच असं नाही. सातव्या आठवड्यातली एक रात्र आहे. सलग पन्नास मिनिटं. आई तापानं झोपलेली, आजी झोपलेली. मी चिऊला दोन्ही हातांनी समोर धरलं होतं आणि माझ्या लक्षात आलं की माझी बोटं तिच्या बरगड्यांवर घट्ट होत चालली आहेत आणि मी दात आवळून "गप! गप!" म्हणते आहे. माझ्याच हातांची मला भीती वाटली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, चिडून बाळाला कधी गदागदा हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होतो, मूल दगावतं. अगदीच सहन होईना तर पाळण्यात उताणं ठेवायचं, दार ओढायचं, पाच-दहा मिनिटं बाहेर जायचं. रडून बाळाला काही होत नाही. मी ठेवलं. दार ओढलं. आणि पायातल्या स्लिपरसकट कारखान्यात गेले.

मागांमध्ये उभं राहून माणूस कितीही मोठ्यानं ओरडला तरी ऐकू जात नाही. मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. रात्रपाळीचा कामगार पलीकडच्या मागावर तुटलेला धागा जोडत होता. त्यानं वर बघितलं, परत मान खाली घातली. धोटा या टोकाहून त्या टोकाला जात होता. मी भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं मोजली आणि आत आले. चिऊ अजून रडत होती, पण आता ती नुसती चिऊ होती.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला फोनवर सांगितलं, सगळं. तो शुक्रवारी रात्रीच आला. त्यानं जपानमधला एक अभ्यास शोधून आणला होता. रडणाऱ्या बाळाला घेऊन सलग पाच मिनिटं चालायचं, झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही, पाच ते आठ मिनिटं घेऊनच बसायचं, मग ठेवायचं. व्हरांड्यातून फाटकापर्यंत आणि परत, मोबाईलवर गजर लावून तो फिरायचा. पंचवीस फेऱ्यांत एखादी लागू पडायची. पण ते दोन दिवस संध्याकाळी साडेसहाचा ठोका माझ्या पोटात पडायचा नाही. पहिल्या दोन महिन्यांत मला जे जे मिळालं त्यात हे सगळ्यात उपयोगी औषध होतं, दुसरं माणूस.

आता बाबा. बाबांना कमी ऐकू येतं. चाळीस वर्षं मागांत काढलेल्या बहुतेक माणसांना येतं. तिथला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो आणि कानात कापूस घालणारा माणूस आमच्या गल्लीत चेष्टेचा विषय होतो. (याच कारणानं डॉक्टरीणबाईंनी पाळणा कारखान्याच्या भिंतीपासून हलवून मागच्या खोलीत ठेवायला लावला. दोन भिंती मध्ये आल्या की तो आवाज पावसासारखा होतो, आणि तेवढा चालेल म्हणाल्या.) बारीक, उंच आवाज तर बाबांपर्यंत पोचतच नाहीत. चिऊ रडत असताना ते शेजारी बसून शांतपणे 'सकाळ' वाचायचे आणि आई चिडायची. पण ते तिच्याकडे बघायचे. तासन्‌तास. त्यांना तिचं रडणं ऐकू येत नसे, दिसत असे. "मुठी उघडल्या, आता थांबंल," म्हणायचे आणि खरंच थांबायची.

नवव्या आठवड्यापासून उतार लागला. दीड तास, सव्वा तास. दहाव्यात पन्नास मिनिटं. चिऊ हसायला लागली, आवाजाच्या दिशेला बघायला लागली, आणि साडेसहाला घरात चहा व्हायला लागला. अकराव्या आठवड्यात संक्रांत आली.

भोगीच्या दिवशी मी बंड केलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि भोगीची भाजी. वांगं, पावटा, घेवडा, गाजर, ओला हरभरा, बोरं, तिळाचं कूट. अडीच महिन्यांनी वांगं. मी तीन वेळा भाजी घेतली. आजी बघत होती. काही बोलली नाही, फक्त "हं" केलं.

चार वाजता चिऊ किंचाळली. पाच वाजता किंचाळतच होती. घेतलं, पाजायला घेतलं, तर दोन घोट घेऊन तोंड सोडायची आणि परत. दुपटं बदललं. ढेकर काढला. आणि घरात जे म्हटलं जायचं होतं ते म्हटलं गेलं. "पावटं खाल्लं नव्हं?" आजी. "तरी मी म्हणत होते, थोडीच घे," आई. सासूबाईंचा तिळगुळाच्या शुभेच्छांचा फोन आला, मागे रडणं ऐकून त्या म्हणाल्या, "काही वेगळं खाल्लंस का गं?" मी वहीत चार वाजताच्या ओळीला कारण म्हणून 'पावटा?' लिहिलं. दुधातून गॅस जात नाही हे वाचलेल्या, वहीत रेघ जुळवलेल्या बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलं. अपराधी वाटून घ्यायला आपण किती टपलेले असतो!

बाबा संध्याकाळची कांडी बघून आत आले. हात पुसले, नेहमीच्या जागी बसले आणि माझ्या मांडीवरच्या चिऊकडे बघत राहिले. पाचेक मिनिटं. मग म्हणाले, "डावा पाय हलवंना झालीय."

"रडालीय हो ती! पाय काय बघताय?" आई.

"उजवा झाडालीय. डावा न्हाई. रोज दोन्ही झाडती."

थंडी होती, पायात आईनं विणलेले लोकरीचे मोजे. मी डावा मोजा ओढला तसा चिऊचा श्वासच अडकला. अंगठ्याशेजारचं बोट. टोकाकडचा अर्धा भाग पिकल्या करवंदासारखा, काळपट-तांबडा, फुगलेला, आणि त्याखाली एक बारीक खाच. खाचेत काही दिसत नव्हतं. बाबा उठले, कारखान्यातून कापडाचे पिक, म्हणजे आडवे धागे, मोजायचं घडीचं भिंग घेऊन आले, मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली आणि वाकले. "सूत हाय," म्हणाले. "चाळीस नंबरचं."

मोजे कारखान्याच्या दाराशेजारच्या दोरीवर वाळायचे. आमच्या घरात सूत कुठे नसतं? केसांत, चहाच्या कपात, देवघरात. एक धागा मोज्याच्या आत गेला होता, पाय झाडून झाडून त्याचे तीन वेढे बसले होते आणि बोट सुजल्यावर तो कातडीत रुतून दिसेनासा झाला होता. मी पाय धरला, आईनं बॅटरी. बाबांनी सुईचं नेढं उलट बाजूनं आत सारलं. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा चिऊच्या किंचाळण्यानं माझा हात हलला. त्यांना किंचाळणं ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांचा हात हलला नाही. तिसऱ्यांदा धागा वर आला, नखं कापायच्या कात्रीचं टोक त्याखाली गेलं आणि टक्. दुसरा वेढा. तिसरा.

चिऊ लगेच थांबली नाही. आधी हुंदके, मग उचकी, मग माझ्या छातीशी तोंड हुडकायला लागली. बोटाचा रंग बदलताना मी डोळ्यांनी बघितला. काळपटाचा लाल, लालाचा गुलाबी.

तसंच रिक्षा करून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी भिंगाखाली बघून आत धागा उरला नाही ना याची खात्री केली. असं होतं म्हणाल्या, बहुतेक वेळा आईच्या केसानं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात ते मोज्यात, दुपट्यात जातात आणि बोटाला, कधी मुलाच्या लिंगालाही वेढा पडतो. मोजे उलटे करून बघायचे, मगच घालायचे. समजूत पटेना असं रडणं असेल तर सगळे कपडे उतरवून डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत बघायचं. आणि धागा रुतलेला असेल तर घरी सुई घालत बसायचं नाही, सरळ यायचं. "तुमच्या वडिलांचं जमलं म्हणून," असं म्हणून त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांना ऐकू गेलं नव्हतं. ते भिंताडावरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होते.

मला अजून राहून राहून वाटतं ते असं. सहाव्या आठवड्यात आम्ही कारण शोधत होतो तेव्हा कारण नव्हतं. अकराव्या आठवड्यात कारण होतं, तर ते आम्हाला आधीच ठाऊक होतं, पावटा. कुणी मोजा काढला नाही.

घरी आल्यावर मी वही उघडली, 'पावटा?' खोडलं आणि त्याच्यापुढे लिहिलं: डावा पाय, दुसरं बोट, चाळीस नंबरचं सूत. अडीच महिन्यांच्या हिशेबातली एवढीच एक नोंद पैशा-पैशानं जुळली. बाकीचं सस्पेन्स खातं मी तसंच ठेवलं आहे. आजी दुसऱ्या दिवशी तिळाची वडी हातावर ठेवताना म्हणाली, "पर पावटं जरा कमीच खा."

फेब्रुवारीत आम्ही पुण्याला आलो. धायरीतला फ्लॅट, सातवा मजला, दुहेरी काचा, चिडीचूप. पहिल्या रात्री चिऊ दर चाळीस मिनिटांनी उठली. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला आणि मी बाबांना फोन केला. त्यांना समजावायला वेळ लागला, "कशाचं रेकॉर्डिंग? मागाचं? ते कशाला?" पण रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बावीस मिनिटांचा आवाज आला. मोबाईल पलीकडच्या खोलीत हळू आवाजात लावला, खोलीत पाऊस पडायला लागला आणि चिऊ झोपली. नवरा आणि मी दिवाणखान्यात बोटं ओठांवर ठेवून बसलो.

अठराव्या मिनिटाला रेकॉर्डिंगमध्ये लाईट जाते. माग एकेक करून थांबतात, मग नुसती शांतता, आणि त्या शांततेत बाबांची एक इचलकरंजी शिवी, अगदी खणखणीत. चिऊ टक्क जागी.

बाबांना दुसरं पाठवायला सांगितलंय. त्यांनी विचारलं, पहिल्यात काय वाईट होतं?